चल रहा है ना, हाथ मत लगाओ

आमचं मालेगाव मागांवर चालतं. दिवस-रात्र खडखडाट असतो, फक्त शुक्रवारी माग बंद असतात. इथल्या कारखान्यांत एक वाक्य कायम कानावर पडतं, "चल रहा है ना, हाथ मत लगाओ." माग चालू असेल, कापड उतरत असेल, तर उगाच नट-बोल्टला हात लावू नये. ज्याला या धंद्याची जाण आहे तो असंच सांगेल. आमच्यापैकी बहुतेकांचं लहानपण मागाच्या आवाजात गेलं, त्यामुळे हे वाक्य आमच्या हाडीमासी भिनलेलं आहे. शाळेत नोकरीला लागलो तेव्हा ते आमच्याबरोबर शाळेतही आलं. हेडसर, क्लार्कसाहेब, चपराशी चाचा सगळ्यांच्या तोंडी तेच. घंटा, पंखा, पाण्याची मोटर, कपाटाचं कुलूप, सगळं याच नियमाने चाललेलं.

हा नियम एका यंत्राला मात्र लागू पडत नाही, हे कळायला वेळ लागला. ते यंत्र म्हणजे आमच्या कॉम्प्युटर रूमच्या कोपऱ्यातला सर्व्हर.

सर्व्हर म्हटलं की वाचकांच्या डोळ्यांसमोर मोठमोठ्या कंपन्यांतली थंडगार खोली येईल. आमचा सर्व्हर तसा नाही. टेबलाखाली मावणारा एक जरा मोठा कॉम्प्युटर, एवढंच. केंद्र सरकारची 'आयसीटी ॲट स्कूल' ही योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. पुढे काही वर्षांनी ठेकेदारामार्फत आमच्या उर्दू शाळेतही कॉम्प्युटर आले. मुलांसाठी चौदा, आणि त्या चौदांना जोडून ठेवणारा हा एक. मुलं कुठल्याही कॉम्प्युटरवर बसली तरी त्यांचं काम याच्या पोटात जमा होई. पुढे ऑफिसचे कागदही तिथेच ठेवले जाऊ लागले. प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, स्नेहसंमेलनाचे कार्यक्रम, स्कॉलरशिपच्या याद्या. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे जनरल रजिस्टरची सूची.

जनरल रजिस्टर ही शाळेची वंशावळच. शाळा सुरू झाल्यापासून दाखल झालेल्या प्रत्येक मुला-मुलीचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख त्यात असते. ती जाड, लाल कापडाच्या पाठीची पुस्तकं. त्यांच्यात एक नाव शोधायचं तर अर्धा दिवस जाई. आमच्या आधीच्या शिक्षकांनी आणि क्लार्कसाहेबांनी कित्येक वर्षं खपून या हजारो नावांची सूची टाइप केली होती, नाव आणि पान क्रमांक. शाळा सोडल्याचा दाखला मागायला कोणी आलं की सूचीत पाहायचं आणि नेमकं पान उघडायचं. पाच मिनिटांचं काम.

ठेक्याची मुदत पाच वर्षांची होती. मुदत संपली, ठेकेदाराचा माणूस यायचा बंद झाला. कॉम्प्युटर मात्र तिथेच राहिले आणि त्यांना सांभाळायची जबाबदारी आपोआप आमच्या तीन-चार जणांवर आली. आम्ही डी.एड., बी.एड. झालेली माणसं. कोणी विज्ञान शिकवतं, कोणी गणित, कोणी उर्दू. बी.एड.ला कॉम्प्युटरचा एक पेपर होता, त्यात सर्व्हरचं नावही आलं नव्हतं. सर्व्हरचा पासवर्डही आम्हाला कोणी दिला नव्हता. शेवटी धूळ काढायला कॅबिनेट उघडलं तेव्हा पत्र्याच्या आतल्या बाजूला स्केचपेनने लिहिलेला सापडला. त्या अनोळखी माणसाला आम्ही मनापासून दुआ दिली.

त्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २००३ ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. नावाप्रमाणेच २००३ सालची. मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल १४ जुलै २०१५ रोजी थांबवली. मुलांच्या कॉम्प्युटरवर असलेल्या विंडोज एक्सपीची तर त्याआधीच, ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली होती. या तारखा आल्या आणि गेल्या. आमच्या खोलीत काहीच घडलं नाही. दिवा तसाच हिरवा, पंखा तसाच घरघरणारा. "चल रहा है ना," सगळे म्हणाले.

आणि खरंच चालत होतं. गोम इथेच आहे.

माग झिजतो तो आतून. धोट्याची टोकं झिजतात, पट्टा सैल होतो, दात्यांत खेळ येतो. झिजलेला भाग बदलला की माग पुन्हा वीस वर्षं चालतो. बाहेरच्या जगात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सर्व्हरचं तसं नाही. ऑपरेटिंग सिस्टिम झिजत नाही. २००३ साली जी होती, अक्षर न् अक्षर तीच २०१५ मध्ये असते. पण तिच्या लाखो ओळींत कुठे ना कुठे फट राहिलेली असते, ती नंतर कोणाच्या तरी नजरेस पडते. देखभाल चालू असेल तोवर बनवणारा ती फट बुजवून पाठवतो. देखभाल थांबली की फटी सापडत राहतात, बुजवणारा उरत नाही. म्हणजे यंत्रात काहीही न बदलता ते दर महिन्याला थोडं थोडं असुरक्षित होत जातं. पागडीच्या जुन्या इमारतीत मालक डागडुजी सोडून देतो, भाडेकरू राहत असतात, दिवे लागत असतात, स्वयंपाक होत असतो, आणि छतातलं पाणी मुरत असतं. तसंच काहीसं.

मे २०१७ मध्ये हे जगाला दिसलं. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा प्रोग्राम देशोदेशीच्या कॉम्प्युटरमध्ये शिरला. आतल्या सगळ्या फायलींना तो कुलूप लावी आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर मागे. इंग्लंडमधल्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया आणि रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. हा प्रोग्राम कोणी बटण दाबायची वाट पाहत नव्हता. एका कॉम्प्युटरने दुसऱ्याशी फायली वाटून घ्यायची जी जुनी बोली आहे तिच्यातल्या फटीतून तो एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात आपला आपण जाई. तांत्रिक भाषेत या बोलीला एसएमबी-एक म्हणतात. मायक्रोसॉफ्टने दुसऱ्याच दिवशी एक्सपी आणि सर्व्हर २००३ या सोडून दिलेल्या सिस्टिमसाठीही फट बुजवायचं औषध पाठवलं.

पण या प्रकरणातली आणखी एक गोष्ट आम्हाला जास्त शिकवून गेली. सर्वांत जास्त बाधा एक्सपीला नाही, विंडोज ७ ला झाली होती. तिची देखभाल तेव्हा चालू होती. औषध दोन महिने आधीच, १४ मार्च २०१७ रोजी आलेलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं त्यांचं नुकसान झालं. म्हणजे प्रश्न नुसता जुन्या-नव्याचा नव्हता, निगा राखण्याचा होता. दुकानात औषध असून उपयोग नाही, ते वेळेवर घ्यावं लागतं.

त्या वेळी आमची खोली वाचली, कारण सर्व्हरला इंटरनेटच नव्हतं. हे शहाणपण नव्हतं, बिल परवडत नव्हतं म्हणून. तरी पेन ड्राइव्ह येत-जात होतेच.

मग काही माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने शाळेला सहा नवे कॉम्प्युटर मिळाले. त्यांच्यावर विंडोज १० होती. मोठ्या उत्साहाने तारा जोडल्या. नवे कॉम्प्युटर सुरू झाले, पण सर्व्हरमधलं काहीच उघडेना. कारण शोधता शोधता कळलं ते असं. आमचा सर्व्हर २००३ फक्त ती जुनी, धोक्याची बोली बोलत होता, दुसरी त्याला येतच नव्हती. आणि ऑक्टोबर २०१७ पासून विंडोज १० ने तीच बोली हळूहळू काढून टाकायला सुरुवात केली होती. एकाच खोलीत आजोबा आणि नातवंडं, पण एकमेकांशी बोलणं बंद.

एक सोपा उपाय होता. नव्या सहाही कॉम्प्युटरमध्ये ती जुनी बोली मुद्दाम चालू करायची. दोन मिनिटांचं काम. पण एका जुन्यासाठी सहा नव्यांची दारं उघडी टाकायची, हे मनाला पटेना. दुसरा उपायही काही जणांनी सुचवला, "फेकून द्या ते खोकं. नव्या जमान्यात उर्दू फायली कोण बघतो? आता सगळं इंग्रजीत, नाहीतर सरकारी पोर्टलवर." हे ऐकताना आम्हाला जरा टोचलं. उर्दू शाळेबद्दलही लोक असंच दोन तऱ्हेने बोलतात. एक म्हणतो, चाललंय तसं चालू द्या, कशालाही हात लावू नका. दुसरा म्हणतो, बंद करून टाका, मुलांना इंग्रजीत घाला. दोघंही एक कष्टाचं काम टाळत असतात. आहे ते उचलून, तपासून, नव्या जागी नीट मांडायचं काम.

आम्ही ते करायचं ठरवलं.

२०१९ चा रमजान मे महिन्यात आला होता, उन्हाळ्याची सुट्टीही त्याच दिवसांत. दुपारी चाळीसच्या वर तापमान, त्यात रोजा, म्हणून तरावीहनंतर रात्री आम्ही शाळेत जमायचो आणि सहरीच्या आधी घरी परतायचो. चपराशी चाचा किल्ल्या घेऊन बसायचे आणि दर तासाला विचारायचे, "हुआ क्या?"

पैसा नव्हता, त्यामुळे नवी विंडोज सर्व्हर विकत घेणं शक्य नव्हतं. आणि घेतली असती तरी जुन्यावरच नवी चढवता आली नसती. आमची २००३ ही ३२ बिटांची होती, आता मिळणाऱ्या नव्या सर्व्हर आवृत्त्या ६४ बिटांच्याच होत्या. त्या बदलासाठी कोरी पाटीच लागते. तेव्हा कोरी पाटीच घ्यायची तर ती मोफत असलेल्या लिनक्सची का घेऊ नये? आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यात हेच काम करतो, त्याने डेबियन सुचवली. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेली ही सिस्टिम जगभरचे लोक स्वेच्छेने सांभाळतात. तिच्यावर 'सांबा' नावाचा प्रोग्राम घातला की विंडोजच्या कॉम्प्युटरला ती आपल्यातलीच वाटते आणि नवी, सुरक्षित बोलीही ती बोलते. सांबाची सुरुवात अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात १९९२ च्या सुमारास केली. या अनोळखी माणसांनी आमच्या शाळेसाठी काहीही न मागता इतकं करून ठेवलं आहे, हे पाहून आम्ही थोडे हरखलोच. आपल्याकडे याला सदका-ए-जारिया म्हणतात, माणूस गेल्यावरही ज्याचा लाभ वाहत राहतो असं दान.

पहिल्या तीन रात्री आम्ही नव्या सिस्टिमला हातही लावला नाही. फक्त फेहरिस्त केली. कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे, कोणाचं आहे, लागतं की नाही. मग सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलं, आणि तेच पुन्हा दुसऱ्या हार्ड डिस्कवर. उतरवलेली प्रत मूळ फायलीशी जुळते का, हे तपासायची एक युक्ती असते. प्रत्येक फायलीवरून कॉम्प्युटर एक लांबलचक आकडा काढतो. एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी आकडा बदलतो. मूळचा आकडा आणि प्रतीचा आकडा सारखा आला की समजायचं, प्रत शाबूत आहे. रात्रभर आकडे जुळवत बसलो. काही फायलींचे जुळले नाहीत, त्या पुन्हा उतरवल्या.

हे करताना आमच्यातले एक हाफिज असलेले सर म्हणाले, "हे नवीन कुठे आहे?" त्यांनी यमामाच्या लढाईची आठवण काढली. इ.स. ६३२-३३ च्या सुमारास झालेल्या त्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले. तेव्हा हजरत उमर यांच्या सल्ल्याने हजरत अबू बकर यांनी झैद बिन साबित यांच्यावर कुरआनचे लिखित भाग एकत्र करण्याचं काम सोपवलं. झैद यांनी लोकांच्या स्मरणातलं आणि लिहिलेलं दोन्ही पडताळून पाहिलं, असं परंपरा सांगते. आमच्या प्रश्नपत्रिकांची त्या महान कामाशी तुलना होऊच शकत नाही. पण अमानत एकाच जागी ठेवू नये, प्रत मूळाशी पडताळल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये, हा धडा आपल्या घरातलाच आहे. आज कॉम्प्युटरवाले सांगतात की तीन प्रती हव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत. आमची तिसरी प्रत हेडसरांच्या घरी लोखंडी कपाटात आहे.

चौथ्या रात्री जुनी हार्ड डिस्क काढली, तिच्यावर तारीख लिहून बाजूला ठेवली आणि नवी डिस्क बसवून तिच्यावर डेबियन घातली. जुनी पुसून तिच्यावरच नवीन घालता आलं असतं, पैसेही वाचले असते. पण परतीची वाट राखून ठेवावी, असं पुण्याच्या त्या मुलाने फोनवर बजावलं होतं. दोन रात्रींत सांबा उभा राहिला. नव्या कॉम्प्युटरवरून फोल्डर उघडलं तेव्हा चाचांनी "अल्हम्दुलिल्लाह" म्हटलं आणि किल्ल्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काम झालं.

खरं काम पुढे होतं. फोल्डर उघडत होती, उर्दू उघडत नव्हती.

उर्दूचं कॉम्प्युटरवर येणं हा एक मोठा प्रवास आहे. नस्तालिक लिपीत अक्षरं तिरकी उतरत जातात, शेजाऱ्यानुसार रूप बदलतात. खिळ्यांच्या छपाईत ती नीट बसली नाही, म्हणून उर्दू वृत्तपत्रं कित्येक दशकं कातिबाच्या हातानेच लिहिली गेली. १९८०-८१ च्या सुमारास पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडरूपं हाताने काढून नूरी नस्तालिक तयार केली आणि कॉम्प्युटरवर उर्दू जुळू लागली. मग १९९४ मध्ये दिल्लीत 'इनपेज' हा प्रोग्राम निघाला आणि उर्दू शाळा, छापखाने, वृत्तपत्रं सगळी त्यावर गेली. आमच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यातच आहेत. त्याचं आमच्यावर ऋण आहे. मात्र त्या जुन्या आवृत्त्या युनिकोडच्या आधीच्या. त्यांच्यातला मजकूर त्यांच्या स्वतःच्या सांकेतिक पद्धतीत साठवलेला असे, दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामला तो वाचता येत नसे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, मग दिसण्यासाठी फॉन्ट कुठलाही लावा. गुगलने २०१४ मध्ये मोफत दिलेला नोटो नस्तालिक उर्दू असे फॉन्ट आता सहज मिळतात.

तेव्हा जुन्या फायली युनिकोडमध्ये आणायच्या होत्या, आणि त्या उघडण्यासाठी जुनी विंडोज एक्सपी असलेला एक तरी कॉम्प्युटर लागणार होता. पण तो बाकीच्यांना जोडणं धोक्याचं. आम्ही त्याची तार काढली आणि एका कोपऱ्यात पडद्याआड वेगळा ठेवला. रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले होते. आमच्या एका सहकाऱ्याने नाव दिलं, "हा एतकाफला बसला." सगळ्यांनी तेच नाव उचललं. आजही कोणाला ते यंत्र हवं असेल तर विचारतात, "एतकाफवाला चालू आहे का?"

एतकाफवाल्यातून फाइल काढायची, रूपांतर करायचं, आणि मग दोघांनी बसून तपासायची. एकाने रजिस्टर हातात घेऊन मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवायचं. मदरशात मुलं एकमेकांना सबक ऐकवतात तसंच. ईदपर्यंत प्रश्नपत्रिका बऱ्याचशा झाल्या. नावांची सूची पुरी व्हायला दिवाळी उजाडली.

त्या सूचीत एक विचित्र अडचण निघाली. पडद्यावर 'फरीदा' स्पष्ट दिसतंय, आणि शोधा म्हटलं तर कॉम्प्युटर म्हणतो, असं नाव नाही. सूची वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या माणसांनी टाइप केली होती. काही भाग इनपेजमध्ये, काही भाग एक्सेलमध्ये अरबी कीबोर्ड लावून. अरबी 'ये' आणि उर्दू 'ये' यांचे युनिकोडमधले क्रमांक वेगळे आहेत. शब्दाच्या शेवटी त्या वेगळ्या दिसतात, पण शब्दाच्या मध्ये हुबेहूब सारख्या. माणसाच्या डोळ्याला एकच फरीदा, कॉम्प्युटरला दोन. काफचं आणि हेचंही तेच. मग आम्ही सगळ्या सूचीतली अरबी अक्षरं बदलून उर्दूची केली. फरीदा, यास्मीन, नसीमा, शकीला अशा कितीतरी जणी, ज्या रजिस्टरात होत्या पण शोधल्यावर सापडत नव्हत्या, त्या सापडू लागल्या.

हे काम संपलं आणि डिसेंबर २०१९ आला. नागरिकत्व दुरुस्ती कायदा संमत झाला. एनआरसीची चर्चा घराघरांत पोहोचली. त्या थंडीत मालेगावात कागदपत्रांसाठी जिथे-तिथे रांगा लागल्या हे वाचकांना आठवत असेल. आमच्या शाळेच्या फाटकाशीही लागल्या. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी चौथीत शाळा सोडून मागावर गेलेले बाबा, लग्न होऊन भिवंडीला गेलेल्या बहिणी, नातवाला घेऊन आलेल्या नानी. कोणाला नक्की साल आठवत नाही, कोणाचं घरचं नाव वेगळं आणि शाळेतलं वेगळं. एक वयस्कर बाई आल्या. त्यांच्याजवळ जन्माचा कुठलाच पुरावा नव्हता. शाळेत दोनच वर्षं गेल्याचं त्यांना आठवत होतं. त्या घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "बेटा, मेरा नाम होगा ना?"

नाव टाइप केलं. मध्ये 'ये' असलेलंच नाव होतं. पान क्रमांक आला. चाचांनी रजिस्टर काढलं, धूळ झटकली, आणि पिवळ्या पानावर निळ्या शाईत त्यांचं नाव, त्यांच्या वालिदचं नाव, जन्मतारीख. त्यांनी बोट ठेवून ते पाहिलं. वाचता येत नव्हतं, पण बराच वेळ पाहत राहिल्या.

आम्हाला इथे जपून लिहायला हवं. पुरावा कागदाच्या रजिस्टरात होता, सर्व्हरने तो निर्माण केला नाही. सूची नसती तरी शोधून शोधून तो मिळालाच असता, दोन दिवसांनी, चार दिवसांनी. पण रांगेत दीडशे माणसं असताना चार दिवस म्हणजे काय, हे रांगेत उभ्या असलेल्यालाच विचारावं. आणि तो सर्व्हर आम्ही तसाच "चल रहा है" म्हणून ठेवला असता, तर नव्या कॉम्प्युटरवर सूची उघडलीच नसती, आणि जुन्यांवर उघडली तरी त्या बाईंचं नाव नाही म्हणून उत्तर आलं असतं. रजिस्टरात असूनही नाही. त्या हिवाळ्यात हे उत्तर ऐकणं कोणालाही जड गेलं असतं.

त्यानंतर आम्हाला कोणी "हाथ मत लगाओ" म्हटलं नाही. पण दुसरा गैरसमज आला, "आता झालं ना एकदाचं!" सिस्टिम एकदाची बदलत नाही. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीची देखभाल ठरावीक वर्षंच असते. मधली पायरी गाळून उडीही मारता येत नाही, नवाच्या पुढे दहा, दहाच्या पुढे अकरा. २०१९ मध्ये आम्ही ९ वर होतो. २०२१ मध्ये, शाळा कोरोनामुळे बंद असताना, १० वर गेलो. २०२२ मध्ये ११ वर आणि २०२४ च्या सुट्टीत १२ वर. या आवृत्त्यांची नावं 'टॉय स्टोरी' या कार्टून चित्रपटातल्या पात्रांवरून ठेवलेली असतात, बस्टर, बुल्सआय, बुकवर्म. मुलांना याची भारी गंमत वाटते. १३ वी, ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. प्रत्येक वेळी तोच नेम. आधी फेहरिस्त, मग प्रती, प्रतींची पडताळणी, मग बदल. परीक्षेच्या दिवसांत कधीही नाही.

मुलांच्या कॉम्प्युटरवरही तीच पाळी आली. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला जी सुरक्षा चिप आणि जसा प्रोसेसर लागतो तो आमच्या त्या सहांपैकी एकातही नाही. यंत्रं धडधाकट आहेत, पण नवी सिस्टिम त्यांना आत घेत नाही. या वेळी मात्र घबराट झाली नाही. त्यांच्यावर लिनक्स घालायचं ठरलं. नववीच्या दोन मुलींनी एका कॉम्प्युटरवर ते घालूनही दाखवलं. प्रती कुठे ठेवायच्या, आकडे कसे जुळवायचे हे त्या आम्हाला विचारत नव्हत्या, आम्हालाच सांगत होत्या.

सर्व्हरशेजारी एक वही आहे. केलेला प्रत्येक बदल तिच्यात लिहायचा, असा नियम आम्ही २०१९ मध्ये केला. उजवीकडून उर्दूत, डावीकडून मराठीत. पासवर्ड हेडसरांच्या कपाटात बंद पाकिटात असतो, पत्र्यावर नाही. आमच्यातले एक सर निवृत्त झाले, एकांची दुसरीकडे नेमणूक झाली, नवे दोघं आले. नव्यांना आम्ही सर्वांत आधी वही वाचायला देतो. तिच्यात शेवटचा एक रकाना आहे, 'पुढची तारीख'. म्हणजे ही सिस्टिम कधीपर्यंत टिकेल, आणि कोणत्या सुट्टीत पुन्हा हात लावायचा.

तो रकाना आम्ही रिकामा ठेवत नाही.